कुरडयांचा डबा

इथे सप्टेंबरात वसंत येतो, हे मला इतक्या वर्षांनंतरही मनापासून पटलेलं नाही. डोकं म्हणतं गणपती, चिखल, ओले टॉवेल; आणि खिडकीबाहेर वॅटलची झाडं पिवळीधमक झालेली असतात. टार्निटमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला बिल्डरने एक तळं करून दिलंय. त्याच्या काठावर मॅगपाय पक्षी घरटी बांधतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. शिवाय मेलबर्नच्या या पश्चिम बाजूला सगळा गवताळ माळ, त्यामुळे वसंत आला की अर्धी वस्ती शिंकायला लागते. त्या वर्षी तर शिंकायचीही सोय नव्हती. मी शिंकले की घरातले बाकीचे तिघं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

बाकीचे तिघं म्हणजे नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, नातीचं कोडकौतुक करायला. सासरे आले नाहीत. बाबांना आम्ही दर वर्षी बोलवायचो आणि ते दर वर्षी एकच उत्तर द्यायचे: पंधरा तास खुर्चीत बसायला मी काय गुन्हा केलाय? म्हणून आई एकट्या आल्या, बाबा पुण्यात धनकवडीच्या फ्लॅटमध्ये राहिले, आणि मार्चमध्ये जगाची दारं बंद झाली. तीन महिन्यांचे आठ झाले. व्हिसा वाढवून मिळाला. सूटकेस गेस्टरूमच्या कपाटावर तशीच उभी होती, आणि आईंनी तिच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी ओढणी टाकली होती.

मी त्या वर्षी किती थकले होते ते आता कुणाला सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल, कारण दिसायला मी काहीच करत नव्हते. घरात बसून होते. नवरा एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला आहे, त्याला कामावर जायचा परवाना होता. तो पहाटे निघून जायचा, येऊन बाहेरच कपडे काढायचा आणि आंघोळ करून झोपायचा. मी डायनिंग टेबलाच्या एका टोकाला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, दुसऱ्या टोकाला लेकीची दुसरीची शाळा भरायची. शाळा ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, पण तिला नाक गळतंय म्हणून दोनदा परत पाठवलं. तेव्हा टेबलाचं ते टोक काही मोकळं झालं नाही. मधल्या जागेत आई भाजी निवडायच्या. त्यांच्यामुळे मला आयतं गरम जेवण मिळत होतं आणि त्यांच्यामुळेच मला घरात एक कोपरा स्वतःचा उरला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या राहाव्यात असंही वाटायचं, जाव्यात असंही वाटायचं, आणि यातलं काहीच आमच्या हातात नाही याचं बरंही वाटायचं.

पण अगदीच हातात नव्हतं असं नाही. अडकलेल्या लोकांना घेऊन जाणारी खास विमानं अधूनमधून भारतात जात होती. नाव नोंदवावं लागे, मग नंबर लागला तर लागला. गंमत अशी की पाहुणी म्हणून आलेल्या आईंना हा देश सोडता येत होता, आणि इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून ज्यांनी उमेदीची वर्षं घातली त्या आम्हाला परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. नवऱ्याने आईंचं नाव नोंदवलं नव्हतं. इथे तू सेफ आहेस, हे त्याचं एकच वाक्य. फोनवर बाबाही तेच सांगायचे: तिथेच थांब, इकडे परिस्थिती काही खरी नाही, माझं मस्त चाललंय, डबा येतो, बाई येते. आईंनी एकदोनदा विमानांचा विषय काढला आणि मुलाचं तोंड बघून सोडून दिला. मला जायचंय, असं त्या सरळ कधीच म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही.

बाबांचा फोन रोज आमची दुपारची जेवणं उरकल्यावर यायचा. मी भांडी मशिनमध्ये लावत असे, आणि आई फोन घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर उन्हाला बसत. बोलणं काय, तर तिकडे पाणी आलं का आणि इकडे काय केलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे सगळे आपापली घड्याळं एक तास पुढे करतात. एका रविवारी आम्हीही केली, नेहमीप्रमाणे, आणि कुणालाच ते आईंना सांगायचं सुचलं नाही. त्या दिवशी फोनची वेळ झाली आणि फोन आला नाही. भांडी झाली, ओटा पुसून झाला, तरी नाही. मी आत आले तेव्हा आई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, फोन दोन्ही हातांत धरून. मी लावून देते म्हटलं तर म्हणाल्या, नको, ते लावत असतील, त्यांना एंगेज लागेल. त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता. मला तेव्हाही घड्याळ आठवलं नाही. मीही घाबरले.

फोन आला. बाबांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. आईंनी त्यांना असं काही झापलं की माझी लेक खोलीतून बाहेर येऊन बघायला लागली. बाबा बिचारे सांगत होते की मी रोजच्याच वेळेला केलाय, अगदी चहाचा कप विसळून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “तुम्ही घड्याळ हलवलंत. मला सांगायचंत ना.” त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हवापाणी विचारलं, नातीची शाळा विचारली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “अगं, कुरडयांचा डबा संपला.” स्पीकर चालू होता, मीही ऐकलं.

आमच्या सासरी कुरडयांना काय मान आहे हे सांगायला हवं. दर चैत्रात आई इमारतीच्या गच्चीवर वर्षभराचं वाळवण घालतात. साबुदाण्याच्या पापड्या, उडदाचे पापड, सगळंच. पण बाबांना प्रेम फक्त कुरडईचं. जेवणात वरणभाताबरोबर एक तळलेली कुरडई नसली तर ते ताटाकडे हॉटेलात चुकीची ऑर्डर आल्यासारखं बघतात. त्या वर्षीचा चैत्र आईंनी टार्निटला घालवला, म्हणजे घरात होत्या त्या आदल्या वर्षीच्याच.

नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो इंजिनीअर माणूस. प्रॉब्लेम कळला की सोडवायचा. त्याने सोफ्यावर बसल्या बसल्या पुण्यातला एक घरगुती पदार्थवाला शोधला, दोन किलो कुरडया मागवल्या, पैसे भरले आणि आईला सांगितलं की परवा बाबांच्या दारात पोचतील. उंटावरून शेळ्या हाकण्यात आम्ही परदेशातली माणसं आता फार तरबेज झालो आहोत. आई म्हणाल्या, बरं केलंस. मला वाटलं विषय संपला.

सकाळी त्या मास्क लावून चप्पल घालून दारात उभ्या. गहू हवाय, म्हणाल्या. पीठ नाही, अख्खा गहू. मी विचारलं कशाला. “ह्यांना न्यायला कुरडया करायच्यात,” त्या म्हणाल्या.

न्यायला. मी त्या शब्दाकडे फारसं लक्ष दिलं नाही, मला दहाची मीटिंग होती. आम्ही गाडीने पंजाबी किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने मागून गव्हाची पिशवी काढली आणि गमतीने विचारलं, “आंटीजी, खेती शुरू कर रहे हो क्या?” आई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीच्या कोपऱ्यातून चार दाणे काढून दाताखाली फोडून बघितले आणि ठीक आहे म्हणून मान हलवली.

ज्यांनी कुरडया केल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, फडक्यातून पिळून त्याचा पांढरा चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालून कडक उन्हात वाळवायचा. यातली खरी मेख अशी की एकदा गहू भिजला की माघार नाही. पुण्यात चैत्र-वैशाखाचं ऊन ठरल्या दिवशी हजर असतं, त्याला कुणी विचारत नाही. मेलबर्नच्या वसंतात सकाळी भाजून निघावं आणि दुपारी हीटर लावावा लागावा, हे आईंना आठ महिन्यांत दिसत नव्हतं असं नाही. पण ऊन पडलं म्हणजे वाळवण घालायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. मला सगळं माहीत असूनही मी गप्प बसले, कारण वाद घालायला लागणारी ताकद माझ्यात उरली नव्हती.

तीन दिवस घरात आंबूस वास भरून राहिला. लेक नाक दाबून फिरायची. “आजी, इट स्टिंक्स,” असं तिने दोनदा सांगितलं आणि आजीने दोन्ही वेळा मराठीत उत्तर दिलं की वास येतोय म्हणजे जमतंय. मी लॅपटॉपसमोर बसून, ऑफिसातल्या लोकांना वास जात नाही याबद्दल देवाचे आभार मानत होते.

चौथ्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा गरम वारा सुटला. त्या वसंतातला पहिला खरा तापलेला दिवस. लेक शिंकत होती म्हणून घरीच होती. आईंनी चीक शिजवला, तिला वाटीत दूध-साखर घालून दिला, आणि जिने तीन दिवस नाक दाबलं होतं तिने वाटी चाटून पुसून दुसऱ्यांदा पुढे केली. मग आईंनी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या गोल दांडीखाली, प्लास्टिकवर धुतलेल्या चादरी अंथरल्या आणि सोऱ्या दाबायला बसल्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून लेकीच्या छोट्या स्टुलावर. मी दोन मीटिंगांच्या मध्ये बाहेर जाऊन त्यांना गोळे नेऊन देत होते. पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळीच्या ओळी. मला एकदम खूप बरं वाटलं, उगीचच. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून बघत होते. त्यांनी कुरडयांकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि मला म्हणाले, “बिग चेंज कमिंग धिस आर्वो, लव्ह.” आर्वो म्हणजे इथल्या बोलीत दुपार. मी सवयीने नो वरीज म्हटलं आणि आत पळाले. आईंना त्याचं मराठी करून सांगायचं राहूनच गेलं.

दुपारी तीनच्या सुमारास मी कॅमेऱ्यासमोर बोलत असताना मागचं दार धाडकन आपटलं. दक्षिणेचा थंडगार वारा, इथले लोक ज्याला नुसतं ‘चेंज’ म्हणतात तो, येऊन थडकला होता. बाहेर बघितलं तर एक चादर अर्धी हवेत, आणि आई तिच्या कोपऱ्यावर आडव्या पडून दोन्ही हातांनी ती दाबून धरताहेत. मी हेडफोन फेकून धावले. लेक धावली. पहिले थेंब पडले तेव्हा आम्ही तिघी चादरींची टोकं धरून, अर्धवट सुकलेल्या कुरडयांसकट, पालखी नेल्यासारख्या आत शिरत होतो. काही मातीत गेल्या. काही शेजाऱ्यांकडे गेल्या. ऑफिसमधला एक जण अजून माझं नाव घेऊन ऐकू येतंय का विचारत होता.

आई ओल्या पदराने चादरीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, आई, जाऊ द्या, मागवल्यात ना आपण त्यांच्यासाठी. तेव्हा त्यांना रडू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. “मागवलेल्या ते खाणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “मला घेऊन जायच्यात.”

आता मात्र मला ऐकू आलं. मी मीटिंग बंद केली, बरं नाही असं कळवून टाकलं, आणि हीटर लावला. आमच्या घरात छतातल्या जाळ्यांमधून गरम हवा खाली येते. जिथे जिथे जाळी होती तिच्याखाली आम्ही चादरी पसरल्या. बेडवर, टेबलावर, इस्त्रीच्या फळीवर, लेकीच्या पुस्तकांच्या फडताळावर. नवरा संध्याकाळी आला, त्याने दार उघडलं आणि तो तिथेच थांबला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, घर भट्टीसारखं तापलं होतं आणि त्याची आई गेस्टरूमच्या दारात, ओढणी काढलेल्या सूटकेसवर, एकेक कुरडई उलटून ठेवत होती. तो कुरडया ओलांडत आत गेला, आंघोळ करून आला, आणि फोनवर नाव नोंदवायचं पान उघडून आईंच्या शेजारी जमिनीवर बसला. पासपोर्ट कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं.

नंबर डिसेंबरच्या सुरुवातीला लागला. तोवर निर्बंध सुटले होते, तळ्याकाठी लोक बार्बेक्यू करत होते, आणि आम्हाला कुठे जायचं असतं तेच आठवत नव्हतं. आईंनी कुरडयांचे दोन भाग केले. मोठा केबिन बॅगेत मांडीवर घेऊन जाण्यासाठी, आणि लहान माझ्यासाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. चेहऱ्यावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, आणि बॅग पोटाशी धरलेली, अशा त्या दारातून आत गेल्या. घरी आले तर माझ्याकडे माझा कोपरा होता, आणि मला त्यात बसवेना.

क्वारंटाइन उरकून त्या धनकवडीला पोचल्या, त्या दिवशी त्यांनीच व्हिडिओ कॉल केला. बाबा मागे खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. आईंनी फोन उचलून स्वयंपाकघरात नेला आणि वरच्या फळीवरचा ॲल्युमिनियमचा डबा खाली काढून उघडला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. त्याच्या शेजारी आम्ही मागवलेल्या दोन किलोंची पिशवी, सील न फोडलेली.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

“अगं, डबा संपेल कसा?” त्या म्हणाल्या. “तळणार कोण? ह्यांना कढई कुठे असते ते तरी ठाऊक आहे का?”

मागे पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांच्या मिळून तीन पदव्या आहेत, आणि एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

पुढचा वैशाख पुण्यात कसा गेला त्याबद्दल मी लिहिणार नाही. ती दोघं एकमेकांना धरून निभावली, एवढं पुरे. सप्टेंबरात इकडे पुन्हा वसंत आला आणि पुन्हा सगळं बंद. पुन्हा वॅटल, पुन्हा शिंका, टेबलाच्या टोकाला पुन्हा तिसरीची शाळा. या खेपेला मला राग येण्याइतकाही उत्साह नव्हता. मी उठायचे, लॅपटॉप उघडायचे, कुकर लावायचे, लॅपटॉप बंद करायचे. एका दुपारी भांडी लावून झाल्यावर मी मागच्या दाराच्या पायरीवर, आई बसायच्या तिथे, येऊन बसले आणि त्यांना फोन लावला. येताना बिस्किटांचा डबा का उचलून आणला ते मला सांगता येणार नाही. तिकडे पाणी आलं का विचारलं. त्यांनी इकडे काय केलं होतं ते विचारलं. ठेवताना माझ्या तोंडून गेलं, “आई, कुरडया संपल्या.”

तिकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

“खरं सांग,” आई म्हणाल्या, “किती उरल्यात?”

“अर्धा डबा,” मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरला नाही.

त्यांनी मला रडू दिलं. मग फोन तोंडापासून लांब धरून त्या बाबांशी काहीतरी बोलल्या, आणि मागून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत. “तिला म्हणावं, विमानं सुरू होऊ देत. बसतो मी पंधरा तास खुर्चीत.”

विमानं कधी सुरू होणार ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, तोंड धुतलं आणि पुढच्या मीटिंगला जाऊन बसले.